वाचन एकाचं, पडताळणी दुसऱ्याची

जुना कागद हौशी अभ्यासक बहुधा एकट्यानेच वाचत बसतो, आणि एकट्याचं वाचन हमखास कुठेतरी घसरतं. यावरचा उपाय इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. विल्यम थॉम्स यांनी १८४९ साली लंडनमध्ये 'नोट्स अँड क्वेरीज' हे साप्ताहिक काढलं. अडलेल्याने प्रश्न पाठवायचा आणि ठाऊक असलेल्याने पुढच्या एखाद्या अंकात उत्तर द्यायचं, एवढीच त्याची रीत. ('फोकलोर' हा शब्दही याच थॉम्सचा, १८४६चा.)

इंटरनेटमुळे वाट पाहणं कमी झालं, पण कामाची पद्धत खरी बदलली ती १९९८ मध्ये. 'फ्रीबीएमडी' या प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी इंग्लंड-वेल्सच्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या सरकारी सूच्या उतरवायला घेतल्या. या सूच्या १८३७ पासूनच्या. एकच नोंद दोघांनी स्वतंत्रपणे उतरवायची, असा दंडक. दोन्ही नकला जुळल्या तर नोंद भरवशाची. दुसऱ्याने पहिल्याची नक्कल आधी पाहिली, की त्यालाही तोच शब्द 'दिसू' लागतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ मध्ये जुन्या वर्तमानपत्रांचा यंत्राने वाचलेला मजकूर वाचकांना दुरुस्तीसाठी खुला केला. २०१० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमची हस्तलिखितं लोकांपुढे ठेवली. म्हातारपणचं त्याचं अक्षर भल्याभल्यांना घाम फोडणारं.

अक्षर लागलं तरी तारीख फसवतेच. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. जून १७३१ मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७३१ मध्ये मुलाचा बाप्तिस्मा, अशा नोंदी सापडल्या की नवखा माणूस कुलकथेत भलताच निष्कर्ष काढून मोकळा होतो. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३२चा. मूल लग्नानंतर आठ महिन्यांनी आलेलं. म्हणून नकलेत '१७३१/३२' लिहितात. मूळ स्पेलिंग सुधारत नाहीत, न लागलेलं अक्षर चौकटी कंसात टाकतात आणि दप्तरखान्याचा क्रमांक व पान सोबत देतात.

मदत मागताना लोक अडलेल्या शब्दाचा तेवढाच तुकडा कापून पाठवतात. त्यावरून काही सांगता येत नाही. पूर्ण पान हवं: त्याच हाताचा 'एस' किंवा 'एफ' चार ओळी वर एखाद्या ओळखीच्या शब्दात कसा काढलाय, हे पाहूनच अडलेलं अक्षर सुटतं.