जिभेखालची दोरी कापली की मूल बोलू लागतं?

'जीभ चिकटलेली आहे, दोरी कापा म्हणजे बोलेल' हा सल्ला घरोघरी मिळतो. दोरी फारच आखूड असेल तर अंगावर पिताना अडचण येते, क्वचित एखाद-दुसरा उच्चारही बिघडतो. पण शब्दच न येण्याचं कारण ती नव्हे.

घरीच पाहा. 'बाबा', 'मामा', 'पापा' ओठांनी होतात, त्यांना जीभ उचलावी लागत नाही. दोन वर्षांचं मूल तेही म्हणत नसेल, तर दोष दोरीला कसा द्यायचा? त्याला बोलणं कळतं का, तेही पाहा: हाताने न दाखवता 'चेंडू आण' म्हणा. आणतं का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का? दोन वर्षांपर्यंत 'दूध दे'सारखे दोन शब्द जोडले जात नसतील, तर आधी कानांची तपासणी (गरजेनुसार बेरा, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी चाचणी). टाळ्यांना दचकतं म्हणून ऐकू येतं, असं धरू नका. बारीक आवाज निसटत असू शकतात.

मग स्पीच थेरपिस्ट. तिथे बराच वेळ खेळच दिसेल, आणि 'नुसतं खेळवतात' असं वाटेल. खरं काम पालकांना शिकवण्याचं असतं: पाणी हवं असेल तर पेला दाखवून 'पाणी' म्हणायचं, पाच-दहा सेकंद थांबायचं, मुलाने 'पा' म्हटलं तरी लगेच द्यायचं. 'म्हण, म्हण' असा तगादा नको, मूल उलट गप्प होतं. फरक दिसायला महिने लागतात.