एसडीपीचं मशीन आणि ल्युकेमियाची ट्रायल

नागपुरात डेंग्यूचा सीझन आला की व्हॉट्सॲपवर एकच धावाधाव: एसडीपी (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्स) पाहिजे, डोनर पाठवा. रक्तपेढीतल्या खुर्चीत तास-दीड तास बसायचं. मशीन रक्त ओढतं, प्लेटलेट्स ठेवून घेतं, बाकीचं परत सोडतं. मेव्हण्याला ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) ट्रायलसाठी मुंबईत ‘सेल कलेक्शन’ सांगितलं तेव्हा घरात सगळेच हबकले. पाहिलं, तर मशीन त्याच जातीचं.

हे मशीन मुळात ल्युकेमियापायीच जन्मलं. 1962 मध्ये आयबीएमचे इंजिनिअर जॉर्ज जडसन यांच्या मुलाला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया निघाला. उपचार नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये (आपलं नागपूरजवळच्या जामठ्याचं नव्हे, अमेरिकेतलं). तिथे डॉ. एमिल फ्रायराइक रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायला धडपडत होते. जडसन त्यांना जाऊन मिळाले. तत्त्व दुधातून साय काढणाऱ्या यंत्राचंच: रक्त गरगर फिरवलं की जड लाल पेशी कडेला जातात, प्लाझ्मा आत राहतो, मधे पांढऱ्या पेशींचा पातळ थर. माणूस जोडलेला असताना तो थर सतत उचलत राहणं, खरी मेख तिथे होती. साठच्या दशकाच्या मध्याला ते जमलं.

तेव्हा वापर आजच्या उलटा होता. या ल्युकेमियात पांढऱ्या पेशी भरमसाट वाढतात. त्या काढून, ज्यांच्याकडे त्या उरल्याच नाहीत अशा तापाने फणफणलेल्या रुग्णांना द्यायच्या. एकाचा आजार दुसऱ्याचं औषध! आता पेशी ज्याच्या, त्यालाच परत मिळतात, पण मधल्या काळात लॅबमध्ये बदलून.

ती वाट इस्रायलचे झेलिग एश्हार यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दाखवली: टी-पेशीला (रोगाशी लढणारी एक पांढरी पेशी) कॅन्सरची पेशी ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर बसवायचा. हीच सीएआर-टी उपचारपद्धती. 2012 मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही ल्युकेमियाची पहिली बालरुग्ण त्यातून बरी झाली. 2017 मध्ये अमेरिकेत मंजुरी आली. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून 4 जून 2021 रोजी पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली.

मेव्हण्याचं कलेक्शन चार तास चाललं. दोन्ही हातांत सुया, त्यामुळे नाक खाजवायलाही बहीण लागली. रक्त गोठू नये म्हणून मशीन सायट्रेट मिसळतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून ओठांना मुंग्या येतात. सिस्टरने कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. शेवटी छोटी पिशवी भरली, कलिंगडाच्या रसाच्या रंगाची. लेबल दोन सिस्टरनी मोठ्याने वाचून ताडून पाहिलं.

पिशवी गेली म्हणजे औषध आलं, असं नातेवाईक धरून चालतात. आम्हीही चाललो. किमोने थकलेल्या पेशी लॅबमध्ये वाढल्या नाहीत, तर पुन्हा खुर्चीत बसावं लागतं. हे संमतीपत्रात लिहिलेलं होतं, आम्ही सही करताना वाचलं नव्हतं. पुढचे काही आठवडे बहीण मोबाईल उशाला घेऊन झोपली.