वाडिया, अर्देशिर कर्सेटजी
(६ ऑक्टोबर १८०८ – १६ नोव्हेंबर १८७७). ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराच्या मुंबई गोदीतील बाष्पयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता व लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य (फेलो). जन्म मुंबईत, गोदीशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेल्या पारशी घराण्यात. घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईस १७३५ की १७३६ साली आले याविषयी मतभेद आहे. सामान्यतः १७३६ हे वर्ष धरतात. समकालीन इंग्रजी कागदपत्रांत अर्देशिर बहुधा ‘कर्सेटजी’ याच नावाने येतात. सागवानी जहाजे ही घराण्याची ख्याती. अर्देशिरांची ओढ मात्र वाफेकडे होती. वाफ गोदीत १८२९ सालीच पोहोचली होती : ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट तेथे बांधली गेली आणि पुढच्या वर्षी सुएझला जाऊन आली.

सुमारे १८३३ मध्ये अर्देशिरांनी ‘इंडस’ हे ६० टनी जहाज बांधून त्यावर बाष्पयंत्र बसविले. हे यंत्र त्यांनी स्वतः घडविले, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्यांनी एक अश्वशक्तीचे लहान यंत्र तयार केले होते, त्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि रॉयल सोसायटीच्या निवडपत्रातील शब्दाचा अर्थ ‘जहाजास यंत्र जुळविले’ असा आहे, ‘घडविले’ असा नाही. यंत्र बाहेरून आणून येथे बसविले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. यामुळे कामगिरीला उणेपणा येत नाही. बाष्पित्राचे (बॉयलरचे) व यंत्राचे वजन, वल्ह्याच्या चाकांच्या आसाची पातळी आणि कोळशाची जागा यांचा मेळ लाकडी सांगाड्यात घालणे, हीच त्या काळची खरी कसोटी होती. माझगाव येथील त्यांच्या बंगल्यात १८३४ च्या सुमारास वायुदीप (गॅसचे दिवे) लागले, याचाही उल्लेख निवडपत्रात आहे.

१८३९ मध्ये ते सुएझमार्गे इंग्लंडला गेले. त्या प्रवासाची रोजनिशी १८४० साली लंडनमध्ये छापली गेली. २७ मे १८४१ रोजी त्यांची सदस्यपदी निवड झाली. पुढचे भारतीय सदस्य श्रीनिवास रामानुजन, तेही १९१८ मध्ये.

१८४१ मध्येच मुख्य अभियंता व यंत्र-निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. युरोपीय कारागीर एका देशी माणसाच्या हाताखाली राहणार, यावर मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रातून जाहीर शंका घेण्यात आली. ही शंका अन्याय्य होती, हे त्यांच्या पुढील सु. सोळा वर्षांच्या सेवेने दाखविले. पद आरमाराच्या गोदीतले असले, तरी ते लष्करी हुद्द्याचे नव्हते. त्यांना ‘नौदल अधिकारी’ म्हणताना हा भेद ध्यानात ठेवावा. १८४९ मध्ये अमेरिकेस जाऊन त्यांनी लाकूड कापण्याची यंत्रे पाहिली. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली; तिचे भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले, असे सांगतात.

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले. १८६१ पासून काही काळ सिंधमध्ये इंडस फ्लोटिला या नदीवरील आगबोटींच्या कंपनीच्या यंत्रशाळांची देखरेख त्यांच्याकडे होती. उत्तरायुष्य त्यांनी इंग्लंडमध्ये काढले व रिचमंड येथे त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.