अमरनाथ यात्रेचा अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि त्यामागची सुरक्षा

अमरनाथला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "आत्ता जाणं बरं आहे का?" हा प्रश्न रास्त आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांचा जीव घेतला. त्यातले सहा जण महाराष्ट्रातले होते. त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, ३ जुलैला, यात्रा सुरू झाली आणि चार लाखांहून अधिक लोक दर्शन घेऊन आले. जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. जायचं ठरलं, तर मात्र अर्जाची प्रक्रिया अक्षरशः पाळावी, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. या यात्रेतले बहुतेक कागद कुठल्या ना कुठल्या दुर्घटनेनंतर सक्तीचे झालेले आहेत. त्यातला एखादा टाळायचा म्हणजे त्या दुर्घटनेपासूनचं संरक्षणही सोडायचं.

यात्रेचा कारभार श्री अमरनाथजी श्राइन बोर्डाकडे आहे. सन २००० च्या कायद्याने हे बोर्ड स्थापन झालं आणि जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल त्याचे अध्यक्ष असतात. यात्रेच्या तारखा, रोजची संख्या, डॉक्टरांच्या याद्या, बँक शाखांच्या याद्या हे सगळं बोर्डाच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल अॅपवर येतं. तारखा दरवर्षी बदलतात, नियमांतही थोडेफार फेरफार होतात. त्यामुळे गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांची माहिती ऐकून घ्या, पण अर्ज भरताना चालू वर्षाची सूचनाच समोर ठेवा.

कोण जाऊ शकतं

वयाची अट १३ ते ७० वर्षं. सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिवसांची गर्भवती असलेल्या स्त्रीला परवानगी मिळत नाही. या अटींना अपवाद नाही. "आमचे बाबा बहात्तरचे आहेत, पण अजून रोज शेतावर चालत जातात" हे कौतुकाचं असलं तरी नोंदणीच्या खिडकीवर त्याचा उपयोग नाही. आणि तो नसावाच. गुहा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८८० मीटरवर आहे. पहलगाम बाजूने जाताना महागुणसची खिंड लागते, ती १४ हजार फुटांच्या आसपास. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे आपल्या सह्याद्रीत कितीही गड चढलेले असले, तरी शरीराला त्या उंचीच्या हवेची ओळख नसते.

आरोग्य प्रमाणपत्र

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑगस्ट १९९६ मध्ये यात्रेच्या वाटेवर अवेळी हिमवादळ झालं आणि २४० च्या वर यात्रेकरू गारठून, दमून मरण पावले. त्यानंतर नेमलेल्या नीतीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंची संख्या आणि वय यांवर बंधनं सुचवली. पुढे वाटेवर हृदयविकाराने आणि श्वासाच्या त्रासाने होणारे मृत्यू वाढत गेले, तेव्हा जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आज जे 'अनिवार्य आरोग्य प्रमाणपत्र' मागतात, त्यामागे हा इतिहास आहे.

हे प्रमाणपत्र कुठल्याही डॉक्टरचं चालत नाही. राज्य सरकारने नेमून दिलेल्या डॉक्टरांची आणि रुग्णालयांची जिल्हावार यादी बोर्डाच्या संकेतस्थळावर असते. त्या यादीतल्याच डॉक्टरची सही आणि शिक्का लागतो. आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टर कितीही जाणकार असले, तरी यादीत त्यांचं नाव नसेल तर त्यांच्या लेटरहेडवरचं फिटनेस सर्टिफिकेट परत येतं. महाराष्ट्रात बहुतेकांना जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावं लागतं.

जाण्याआधी प्रमाणपत्राचा कोरा नमुना बोर्डाच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करून, छापून न्या. त्यातला आधीचा भाग अर्जदाराने भरायचा असतो : नाव, पत्ता, रक्तगट, आणि पूर्वी कधी दम लागणं, छातीत दुखणं, फिट येणं, रक्तदाब, मधुमेह, उंचीवरचा त्रास असं काही झालं आहे का. तपासून सही-शिक्का करण्याचा भाग डॉक्टरांचा. सकाळी ओपीडीला केस पेपर काढा, रक्तदाब आणि शुगर तपासा, डॉक्टरांनी सांगितलं तर ईसीजी आणि छातीचा एक्स-रे करा, मग सहीसाठी थांबा. हे एका दिवसात उरकेलच असं नाही. यात्रेच्या हंगामात रांग मोठी असते, शिवाय नेमलेले डॉक्टर कधी रजेवर, कधी ऑपरेशनमध्ये असतात. दोन दिवस हाताशी ठेवूनच जावं.

तारीखही नीट पाहा. बोर्ड दरवर्षी एक तारीख जाहीर करतं आणि त्या दिवशी किंवा त्यानंतर दिलेलं प्रमाणपत्रच ग्राह्य धरतं. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ही तारीख ८ एप्रिल होती. 'लवकर करून ठेवू' म्हणून मार्चमध्येच तपासणी उरकलेल्यांना पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

काही ठिकाणी एजंट तपासणीशिवाय प्रमाणपत्र 'मॅनेज' करून देतो म्हणतात. कृपा करून या वाटेला जाऊ नका. फॉर्ममध्ये दमा लपवलेला माणूस वाटेवरच्या शेषनागच्या मुक्कामात तंबूत रात्री दोन वाजता श्वासासाठी तडफडू लागतो, तेव्हा त्याला खाली आणायचं काम बचाव दलाच्या जवानांना काळोखात करावं लागतं. डॉक्टरांनी नाही म्हटलं, तर त्या वर्षी नाही. घरातल्या मोठ्यांना हे सांगणं जड जातं, तरी सांगायला हवं.

नोंदणी

प्रमाणपत्र हातात आलं की नोंदणीचे दोन मार्ग आहेत. एक ऑनलाइन : बोर्डाच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर माहिती भरायची, फोटो आणि प्रमाणपत्राची स्कॅन प्रत चढवायची, शुल्क भरायचं आणि परवाना छापून घ्यायचा. दुसरा बँकेतून : पंजाब नॅशनल बँक, स्टेट बँक, जम्मू अँड कश्मीर बँक आणि येस बँक यांच्या देशभरातल्या ५०० हून अधिक ठराविक शाखांमध्ये आगाऊ नोंदणी होते. २०२५ मध्ये ती एप्रिलच्या मध्यावर सुरू झाली. आपल्या गावातली शाखा यादीत आहे का, हे आधी पाहून घ्या.

बँकेत आधार कार्ड, मूळ आरोग्य प्रमाणपत्र, फोटो आणि चालू मोबाइल नंबर घेऊन प्रत्येकाने स्वतः जावं लागतं, कारण बोटांचे ठसे घेऊन आधारची पडताळणी होते. घरातल्या एकाने सगळ्यांचे कागद नेऊन भागत नाही. शेतात, भांडीधुण्यात, बांधकामावर आयुष्य गेलेल्यांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेतच नाही. आई अंगठा पुसून पुन्हा पुन्हा ठेवते, मागची रांग चुळबुळ करायला लागते आणि तिलाच अपराधी वाटू लागतं. असं कोणी घरात असेल तर महिनाभर आधी आधार केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या.

दुसरी आपल्याकडची नेहमीची अडचण नावाची. आधारवर आडनाव आधी, प्रमाणपत्रावर शेवटी. आधारवर माहेरचं नाव, केस पेपरवर सासरचं. डॉक्टरांकडे फॉर्म भरतानाच आधारवर आहे तसंच नाव लिहा.

नोंदणी एका विशिष्ट दिवसासाठी आणि एका विशिष्ट मार्गासाठी असते. रोज प्रत्येक मार्गावर किती जण सोडायचे याचा कोटा ठरलेला असतो आणि तो भरला की ती तारीख बंद. म्हणून बालटाल आणि पहलगाम या दोन मार्गांपैकी एक आधी ठरवा. बालटालहून गुहा सुमारे १४ किलोमीटर, धडधाकट माणूस एका दिवसात जाऊन येतो, पण चढ अंगावर येणारा आणि वाट अरुंद. पहलगामकडून चंदनवाडीपर्यंत गाडी जाते आणि तिथून गुहा सुमारे ३२ किलोमीटर, शेषनाग आणि पंचतरणीला मुक्काम करत. वेळ असेल तर मी पहलगामचीच वाट सुचवेन. शरीराला उंचीची सवय व्हायला दिवस मिळतात. हेलिकॉप्टरच्या भरवशावर बेत आखू नका. २०२५ मध्ये सुरक्षेसाठी १ जुलैपासून यात्रेच्या मार्गांवर उड्डाणबंदी होती आणि ही सेवा अजिबात नव्हती.

आगाऊ नोंदणी झाली नसेल तर जम्मूमध्ये तत्काळ नोंदणी केंद्रं असतात. तिथे जागा शिल्लक असेल तरच काम होतं. महाराष्ट्रातून दोन दिवसांचा प्रवास करून त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा एप्रिलमध्येच काम संपवलेलं बरं. आणि नोंदणी फक्त बोर्ड किंवा ठरलेल्या बँका करतात, हे टूरवाल्याकडून बुकिंग करणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. २०२३ मध्ये बनावट नोंदणीपत्रं दिल्याने फसलेले यात्रेकरू थेट जम्मू-काश्मीरच्या सीमेवर पोचल्यावर अडवले गेले होते. टूरवाल्याने परवाना पाठवला की त्यावरचं नाव, फोटो, तारीख आणि मार्ग स्वतः तपासा.

आरएफआयडी कार्ड आणि ताफा

परवान्याचा कागद असला तरी पुढे सोडत नाहीत. जम्मू, श्रीनगर आणि बालटाल-पहलगामच्या दोन्ही तळांवर केंद्रं असतात, तिथे आधार आणि परवाना दाखवून आरएफआयडी कार्ड, म्हणजे यंत्राला दुरूनच वाचता येणारं ओळखपत्र, घ्यावं लागतं. २०२२ पासून ते सक्तीचं आहे. गळ्यात अडकवायचं हे कार्ड वाटेवरच्या ठाण्यांवर वाचलं जातं, त्यामुळे कोण कुठल्या टप्प्यावर आहे हे नियंत्रण कक्षाला कळतं. ८ जुलै २०२२ रोजी गुहेजवळ अचानक पाण्याचा लोंढा आला आणि किमान १५ जणांचा जीव गेला. अशा वेळी वर किती माणसं आहेत हेच आधी समजावं लागतं. म्हणून कार्ड पिशवीत टाकू नका, सोबत्याला देऊ नका, आणि झोपतानाही अंगावर ठेवा. चंदनवाडी आणि बालटालकडचं डोमेल इथली प्रवेशद्वारं भल्या सकाळी उघडतात आणि दुपारच्या आत बंद होतात.

आता ताफ्याबद्दल. जम्मूच्या भगवती नगर तळावरून पहाटे सुरक्षा दलांच्या बंदोबस्तात गाड्या निघतात, बालटालच्या वेगळ्या आणि पहलगामच्या वेगळ्या. खासगी गाडीनेही त्यातच जायचं असतं. १० जुलै २०१७ च्या रात्री अनंतनागजवळ यात्रेकरूंच्या एका बसवर गोळीबार झाला आणि एकूण आठ जणांचा जीव गेला. त्या बसमध्ये गुजरातबरोबर महाराष्ट्रातलेही यात्रेकरू होते. दर्शन उरकून परतीला लागलेली ती बस ताफ्यात नव्हती आणि संध्याकाळी सातनंतर महामार्गावर होती, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. सात वाजेपर्यंत रस्ता रिकामा करण्याचा नियम यात्रेकरूंसाठी होता. म्हणून ड्रायव्हर म्हणाला, "साब, एक घंटे में पहुंचा दूंगा," तरी थांबा. जिथे आहात तिथेच मुक्काम करा, हॉटेलचे पैसे वाया गेले तरी चालतील. जाताना सगळे नियम पाळतात, परतताना घाई होते, आणि धोका दोन्ही वेळा सारखाच असतो.

दर्शनानंतर एक-दोन दिवस काश्मीर फिरायचा बेत बहुतेकांचा असतो. तो आखताना एवढं ध्यानात घ्या की यात्रेच्या मार्गावर जो बंदोबस्त असतो, तो प्रत्येक कुरणात आणि दरीत नसतो. बैसरनच्या हल्ल्यानंतर प्रशासनाने अनेक पर्यटनस्थळं बंद केली आणि नंतर टप्प्याटप्प्याने काही उघडली. कुठलं ठिकाण चालू आहे हे पर्यटन विभागाकडून किंवा स्थानिक पोलिसांकडून विचारा. घोडेवाल्याच्या "सब खुला है" वर जाऊ नका. पोलीस ठाणी, बंकर, जवानांच्या गाड्या यांचे फोटो काढू नका. आपण आत्ता कुठे आहोत हे लगेच फेसबुकवर टाकायचीही गरज नाही.

फोनचं आधीच बघून ठेवा. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड चालतं. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, किंवा तळावर यात्रेकरूंसाठी मिळणारं तात्पुरतं सिम घ्या. घरी आधीच सांगून ठेवा की वर रेंज नसते, नाहीतर एक फोन लागला नाही की इकडे देव पाण्यात ठेवले जातात. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी हवी : स्वतःचं नाव, पत्ता, रक्तगट आणि सोबतच्या माणसाचा नंबर. आधार, परवाना आणि प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, कारण तिथे पाऊस विचारून येत नाही.

बोर्ड स्त्रियांना साडी नेसून न चढण्याचा सल्ला देतं. आपल्याकडच्या काकू-मावश्यांना हे पटवताना जरा वेळ लागतो, पण घसरड्या उतारावर सलवार-कुर्ता आणि पकड असलेले बूटच सुरक्षित. निघण्याआधी किमान महिनाभर रोज चार-पाच किलोमीटर चालावं, हाही बोर्डाचाच सल्ला आहे. डोकेदुखी, उलटी, धाप ही उंचीची लक्षणं दिसली तर वाटेवरच्या वैद्यकीय केंद्रात जा आणि डॉक्टर म्हणाले तर खाली उतरा.

परतीचं तिकीट काढताना निदान तीन दिवस जादा धरा. पावसाने रस्ता खचला किंवा सुरक्षेचं कारण आलं की यात्रा थांबवतात, आणि यात्रेकरूंना जिथल्या तिथे रोखून धरतात. २०२५ मध्ये ती ९ ऑगस्टपर्यंत चालायची होती, पण पावसाने वाटा खराब झाल्यामुळे ३ ऑगस्टलाच बंद करावी लागली. शेवटच्या आठवड्याची तारीख घेतलेल्या अनेकांचं दर्शन त्या वर्षी राहिलं. सुट्टी जुळत असेल तर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांतली तारीख मागा.