काराश : प्रवासी विमानाचं बाँबफेकी कसं झालं

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन रणगाड्यांच्या रांगांवर चालून गेलेलं पोलंडचं 'पीझेडएल २३ काराश' मुळात सहा प्रवाशांसाठी कागदावर उतरलं होतं. १९३१ च्या सुमारास पीझेडएल या वॉर्सातल्या सरकारी कारखान्यात स्तानिस्वाव प्राउस यांनी 'पीझेडएल १३' हा आराखडा केला. 'लॉट' या विमान कंपनीने तो घेतला नाही, म्हणून प्राउस यांनी त्याचं लष्करी रूप मांडलं.

लष्कराला तेव्हा टेहळणी आणि हलकी बाँबफेक दोन्ही करणारं एकच विमान हवं होतं. पोलंडमध्ये या वर्गाला 'लिनियोवी', म्हणजे आघाडीचं विमान, म्हणत. ते काम तोवर पोटेझ २५ आणि ब्रेगे १९ ही फ्रेंच बनावटीची दुपंखी विमानं करत होती. एका यंत्राकडून दोन कामं घेण्यात काटकसर होती. ती पुढे महागात पडली, पण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना अनेक देशांत रूढ होती.

पहिला नमुना १९३४ मध्ये उडाला. त्या काळाच्या मानाने तो आधुनिकच म्हणायचा : पूर्ण धातूचा, एकपंखी. दिसायला मात्र बेढब, कारण पोटाखाली एक लांबट खोली लोंबत होती. बाँबचा नेम धरणारा तिथूनच काम करायचा आणि खालून येणाऱ्या शत्रूसाठी मशिनगनही तिथेच होती. चाकं आत ओढली जात नसत. पोलिश विमानांना प्राण्यांची नावं देण्याच्या रिवाजाने याला 'काराश' म्हटलं गेलं; हा गोड्या पाण्यातला कार्पच्या कुळातला मासा.

पुढचं दुखणं इंजिनाचं. ब्रिटिश ब्रिस्टल कंपनीचं पेगॅसस इंजिन पोलंडमध्ये परवान्यावर बनत होतं. पहिल्या ४० विमानांतली इंजिनं इतकी बेभरवशाची निघाली की ती विमानं प्रशिक्षणाकडे वळवली गेली. मग जास्त ताकदीचं पेगॅसस बसवून २१० 'काराश बी' बनली. परवान्यात निर्यातीला मुभा नव्हती, त्यामुळे बल्गेरियाने मागणी नोंदवली तेव्हा कारखान्याने फ्रेंच नोम-रोन इंजिन लावून 'पीझेडएल ४३' तयार केलं. गंमत अशी की हे परदेशी गिऱ्हाइकाचं विमान पोलंडच्या स्वतःच्या विमानापेक्षा वेगवान ठरलं.

युद्ध सुरू झालं तोवर काराशचा काळ सरला होता. त्याचा कमाल वेग ताशी सुमारे ३२० किमी, तर जर्मनांचं लढाऊ विमान मेसरश्मिट १०९ त्याहून कितीतरी वेगवान. ७०० किलो बाँब नेण्याची क्षमता होती, पण कच्च्या मैदानांवरून तेवढा भार उचलणं जड जाई. २ सप्टेंबरला एका काराशने ओलाऊ इथल्या कारखान्यावर बाँब टाकले. जर्मन हद्दीवरचा तो पहिला हवाई हल्ला मानला जातो. नंतर पोलंडमधल्या रादोम्स्कोच्या परिसरात रणगाड्यांवर कमी उंचीवरून हल्ले झाले आणि विमानविरोधी तोफांपुढे काराश पटापट पडली. त्या महिन्यात सुमारे १२० नष्ट झाली. याचा दोष एकट्या प्राउस यांच्यावर टाकणं बरोबर नाही. १९४० मध्ये फ्रान्समध्ये ब्रिटिशांच्या फेअरी बॅटल या हलक्या बाँबफेकी विमानाचीही हीच गत झाली.

काराशची जागा घेणार होतं 'सूम' हे नवं विमान, पण युद्धापूर्वी त्याचे नमुनेच तेवढे उडाले. रुमानियात निसटलेली काही काराश मात्र पुढे त्या देशाच्या हवाई दलाने सोव्हिएत संघाविरुद्ध वापरली.