जावाने लिहिले, पायथनला वाचता येईना : ‘यूटीएफ’ या नावाचा जुना घोळ

जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्रोग्रामने सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) किंवा फाइलीत मजकूर लिहायचा आणि पायथन या दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रामने तो उचलायचा, ही रोजचीच गोष्ट. महिनोन्‌महिने सगळे सुरळीत चालते आणि एक दिवस कुठल्याशा नोंदीवर पायथन ‘युनिकोड डीकोड एरर’ (बाइटांतून अक्षरे उलगडत नाहीत अशी तक्रार) देऊन थांबतो. शोध घेतला की जावाच्या बाजूला बऱ्याचदा ‘राइट-यूटीएफ’ हे मजकूर लिहिणारे तयार फंक्शन सापडते.

जगातल्या अक्षरांना क्रमांक देणारे मानक म्हणजे युनिकोड, आणि ते क्रमांक बाइटांत लिहिण्याची एक पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिची आखणी १९९२ची, जावाची पहिली आवृत्ती १९९६ची. जावाची रचना झाली तेव्हा जगातली सगळी अक्षरे १६ बिटांत मावतील असा समज होता, म्हणून तिथला ‘कॅर’ (एक अक्षर ठेवायची जागा) १६ बिटांचा. पण १९९६मध्येच युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीने ती चौकट मोडली. १६ बिटांबाहेरच्या अक्षरांसाठी दोन तुकड्यांची ‘सरोगेट’ जोडी आली.

खरा घोळ आहे तो नावाचा. राइट-यूटीएफ जे लिहिते ते यूटीएफ-८ नव्हे, त्यात फेरफार केलेले आहे. एक फेरफार शून्याचा : शून्य किमतीचे अक्षर एका बाइटऐवजी दोन बाइटांत लिहायचे. सी भाषेत शून्य बाइट दिसली की स्ट्रिंग (अक्षरांची माळ) संपते, त्यामुळे जावा आणि सी यांच्यात मजकूर हलवताना ही युक्ती सोयीची होती. दुसरा फेरफार सरोगेटचा : जोडीतला प्रत्येक तुकडा वेगळा, तीन-तीन बाइटांत. म्हणजे बहुतेक इमोजींना खऱ्या यूटीएफ-८मध्ये चार बाइट लागतात, तर इथे सहा. दस्तऐवजात ‘फेरफार केलेले यूटीएफ-८’ असे स्वच्छ लिहिले आहे, हा बचाव नेहमी ऐकायला मिळतो. तो खोटा नाही, पण लंगडा आहे. फंक्शनच्या नावात ‘यूटीएफ’ दिसल्यावर दस्तऐवज कोण उघडतो? सीमधला मजकूर जावाकडे नेणाऱ्या ‘न्यू-स्ट्रिंग-यूटीएफ’ या फंक्शनचीही तीच गत. त्याला खरे यूटीएफ-८ दिले आणि मजकुरात इमोजी निघाला, तर अँड्रॉइडवर तपासणी चालू असताना अ‍ॅप जागच्या जागी बंद पडल्याची उदाहरणे आहेत.

मराठी मजकुराने चाचणी करणाऱ्यांना तर हा दोष दिसतच नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन्ही पद्धतींत तीनच बाइटांचे आणि बाइटही त्याच. ‘इंग्रजीबाहेरचा मजकूर तपासला’ म्हणून आपण निर्धास्त होतो. एक फटका मात्र देवनागरीलाही बसतो. राइट-यूटीएफ लांबी दोन बाइटांत लिहिते, म्हणून एका स्ट्रिंगला ६५,५३५ बाइटांची मर्यादा. निव्वळ देवनागरीत ती २१,८४५ चिन्हांवर संपते, आणि त्यात काने-मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. मोठा लेख पाठवायला गेले की अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना) फेकला जातो. गंमत म्हणजे आपलीच मोडी लिपी २०१४मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली ती १६ बिटांच्या बाहेर. मोडीत लिहिलेल्या पहिल्याच अक्षराला पायथन अडतो.

दोष इतकी वर्षे झाकून राहिला याला आणखी एक कारण आहे. पायथन २ असे सुटे सरोगेट यूटीएफ-८मध्ये मुकाट चालवून घेई, पायथन ३ घेत नाही. २०१०मध्ये इमोजी युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत आले आणि पुढे फोनमुळे घरोघरी पोचले. त्याच सुमारास पायथन ३कडे स्थलांतर चालू होते. ज्यांनी दोन्ही गोष्टी एकदम अंगावर घेतल्या त्यांनी साहजिकच पायथनला बोल लावला. खरे तर तो नियमाला धरून होता : २००३च्या मानकात यूटीएफ-८मधून सरोगेट लिहायला स्पष्ट मनाई आहे.

घोळ ओळखायला मजकूर पाहून उपयोग नाही, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) बाइट पाहाव्या लागतात. खऱ्या यूटीएफ-८मध्ये चार बाइटांचा इमोजी ‘एफ०’ने सुरू होतो. ‘ईडी’च्या मागोमाग ‘ए०’ किंवा त्याहून मोठी बाइट दिसली, तर ते सरोगेट समजावे. जुना डेटा वाचवायचा तर आधी शून्याची दोन बाइटांची जोडी मूळ रूपात आणायची. मग पायथनमध्ये ‘सरोगेटपास’ ही सरोगेट चालवून घेणारी सवलत लावून डीकोड, त्याच सवलतीने यूटीएफ-१६मध्ये (१६ बिटांच्या तुकड्यांच्या पद्धतीत) एन्कोड, आणि तिथून पुन्हा डीकोड. ‘एरर्स इग्नोर’ (न उलगडणाऱ्या बाइट गाळून टाक) लावून मोकळे होणारेही असतात. लॉग स्वच्छ होतो आणि ग्राहकाच्या निरोपातले इमोजी गायब होतात.

नव्या कोडसाठी उपाय सोपा आहे : लांबी चार बाइटांत स्वतः लिहायची आणि स्ट्रिंगच्या बाइट करून देणाऱ्या ‘गेट-बाइट्स’ला यूटीएफ-८ स्पष्ट सांगायचे. त्यासाठीचे तयार स्थिरांक २०११मध्ये जावा ७सोबत आले. २०२२च्या जावा १८ने यूटीएफ-८ हीच मूळ (डिफॉल्ट) निवड केली, तेव्हा प्रश्न मिटला अशी अनेकांची समजूत झाली. पण तो बदल ‘कोणती वर्णसंहिता’ हे न सांगणाऱ्या कोडपुरता होता. राइट-यूटीएफला त्याने हात लावला नाही, लावताही आला नसता : जावाच्या क्लास फाइलींतल्या (चालवण्यासाठी तयार केलेल्या कोडच्या फाइलींतल्या) स्ट्रिंगा आणि सिरियलाइझ करून (बाइटांत साठवून) ठेवलेल्या जुन्या वस्तूंतल्या स्ट्रिंगा आजही त्याच फेरफार केलेल्या रूपात आहेत.