बिडाची कढई आणि जेवणातील लोह

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या दुकानात बिडाची (ओतीव लोखंडाची) कढई हातात घेतलेले ग्राहक "हिच्यानं रक्त वाढतं ना?" असे हमखास विचारतात. त्याचे उत्तर 'काही अंशी' असे आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश लोह रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असून, श्वासावाटे आलेला प्राणवायू त्याच्याच आधारे शरीरभर पोहोचतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १९, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. स्त्रियांची गरज जास्त आहे ती मुख्यतः मासिक पाळीमुळे.

कढईतील लोह अन्नात जास्त उतरते ते पदार्थ आंबट व पातळ असेल आणि बराच वेळ शिजत असेल तरच. चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोचा रस्सा, चुक्याची पातळ भाजी यांत ते चांगले उतरते. भजी तळल्याने किंवा तव्यावर भाकरी भाजल्याने फारच थोडे. नवे भांडे जास्त लोह सोडते, तेलाने मुरलेले कमी. त्यामुळे 'एका वाटीत इतके मिलिग्रॅम' असा आकडा आम्ही खोक्यावर छापत नाही. एनॅमलचा (काचेसारखा) मुलामा दिलेल्या बिडाच्या भांड्यातून तर लोह जवळपास उतरतच नाही, मग ते कितीही महाग असो.

गेल्या पावसाळ्यात एका ताईंनी भाजी काळी पडते म्हणून नवी कढई परत आणली होती. चुक्याची भाजी रात्रभर कढईतच राहिली होती, एवढेच त्याचे कारण. भाजी शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी; कढई धुऊन, गॅसवर कोरडी करून तेलाचा हात फिरवावा.

अन्नातील लोह अंगी लागणे ही वेगळी गोष्ट आहे. तांबड्या रश्श्यातील मटणाचे लोह सहज शोषले जाते. पालेभाज्या, कडधान्ये आणि कढईतून उतरलेले लोह मात्र तितके नाही. लिंबू पिळल्याने किंवा सोबत पेरू खाल्ल्याने त्याचे शोषण वाढते, तर जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने बरेच घटते. चहा तासाभराने घ्यावा, हे सांगताना आम्हालाही जड जाते.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी आढळले असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या कढईच्या भरवशावर बंद करू नयेत. घरात कोणाला थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असल्यास किंवा शरीरात लोह साठण्याचा विकार असल्यास, ही कढई घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.